पायांचं कारण

"आता झटका बसेल हं ताई. पाय सैल सोडा."

"सैलच आहे," अनिता म्हणाली, पण दोन्ही हातांनी तिने पलंगाची कड गच्च धरली होती.

तपासणी करणाऱ्या श्रद्धाने तिच्या घोट्याजवळ दोन टोकांचं एक उपकरण टेकवलं आणि बटण दाबलं. अनिताच्या पायाची बोटं आपली आपण उडाली. समोरच्या पडद्यावर एक रेघ उंच झाली आणि पुन्हा खाली बसली. मग गुडघ्याच्या मागे झटका. मग दुसरा पाय. श्रद्धा मध्येच टेप घेऊन पायावरचं अंतर मोजत होती आणि पडद्याकडे बघून आकडे भरत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून अनिता एकसारखी तिच्याकडे बघत राहिली, पण काही कळेना.

पाय झाल्यावर श्रद्धाने मनगटाला पट्टी चिकटवली.

"अगं, हाताला काही झालं नाहीये माझ्या. पायच दुबळा झालाय."

"मॅडमनी हातही बघायला सांगितलेत."

शेवटी विजयश्री मॅडम स्वतः आल्या. मेंदू आणि नसांच्या डॉक्टर. त्यांनी नडगीजवळच्या स्नायूत बारीक सुई घातली आणि पंजा वर उचलायला सांगितला. अनिताने सगळा जीव लावला. पंजा जेमतेम हलला, पण यंत्रातून तडतड असा आवाज आला.

"हा आवाज कसला?"

"तुमच्या स्नायूचा," मॅडम म्हणाल्या. "काम करतोय तो. ऐका."

स्वतःच्या पायाचा आवाज अनिता पहिल्यांदाच ऐकत होती. तिला उगाचच रडू आलं.

चाकणच्या एका कंपनीत अनिता गेटवर गार्ड होती. बायकांच्या रांगेची तपासणी तिच्याकडे. शिफ्ट सुटायच्या वेळी पोरींच्या बॅगा बघायच्या, बसेस मोजून आत-बाहेर सोडायच्या, आणि दिवसभर उभं राहायचं. काम तिला आवडत होतं. गणवेश अंगावर चढला की मोशीच्या दोन खोल्यांतली अनिता मागे राहायची; गेटवर तिला सगळे 'मॅडम' म्हणायचे. पण गेलं वर्षभर डाव्या पायातली चप्पल कधी निसटून मागे राहिली हे तिला कळायचंच नाही. मग बुटांची टोकं झिजायला लागली. जिन्याच्या पायरीला पंजा अडकायचा. एका सकाळी उतारावर, भरलेल्या बससमोर ती सपशेल तोंडावर पडली. बसमधल्या पोरी आधी हसल्या आणि मग धावत खाली आल्या. सुपरवायझर रोहिदास भला माणूस होता. "ताई, तब्येत दाखवून घ्या. मी तोवर तुम्हाला व्हिजिटरच्या टेबलावर बसवतो," तो म्हणाला. पण टेबलावरून पुढे कुठे बसवतात, हे तिला ठाऊक होतं.

एका डॉक्टरांनी मणका सांगितला. कमरेचा एमआरआय काढला, तो स्वच्छ निघाला. दुसऱ्यांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. नवरा धनेश मोबाईलवर काहीबाही वाचत बसायचा, आणि ती जवळ आली की मोबाईल पालथा ठेवायचा. एकदा तिने तो उचलून पाहिला. हळूहळू सगळं अंग जाणाऱ्या एका आजाराबद्दल लिहिलं होतं. तिने मोबाईल होता तसाच पालथा ठेवून दिला. त्या दिवशी दोघंही एकमेकांशी फार गोड बोलत राहिली.

दुपारी मॅडमनी दोघांना आत बोलावलं. धनेश खुर्चीच्या टोकावर बसला.

"आधी ज्याची भीती आहे ते सांगते," मॅडम म्हणाल्या. "तो आजार नाही. त्याच्या खुणा सुईच्या तपासणीत दिसल्या असत्या, त्या दिसल्या नाहीत. स्नायूंत मूळ दोष नाही. दोष नसांत आहे."

धनेशने मोठ्याने श्वास सोडला. अनिता मात्र पुढची वाट बघत होती.

"आपण झटका कशासाठी देतो? नसेतून निरोप किती वेगाने जातो ते बघायला. तुमच्या नसेतून तो निम्म्याहूनही कमी वेगाने जातोय. नसेवर एक आवरण असतं, ते नीट नसलं की असं होतं. आता यातली महत्त्वाची गोष्ट. नंतर जडलेला आजार असता तर एक नस हळू, दुसरी बरी, कुठे मध्येच अडथळा, असं दिसलं असतं. तुमच्या सगळ्या नसा सारख्याच हळू आहेत. डावा पाय, उजवा पाय, आणि हातसुद्धा."

"पण हाताला तर काही..."

"जाणवत नाही, कारण पायाच्या नसा लांब असतात, त्रास तिथे आधी दिसतो. म्हणजे हे वर्षभरातलं नाही अनिताताई. जन्मापासूनचं आहे, आता कळलं एवढंच. सीएमटी म्हणतात याला. यानं आयुष्य कमी होत नाही. औषधानं बरं होत नाही, पण बुटात बसणारा पट्टा, व्यायाम यावर माणूस हिंडतो-फिरतो, नोकरी करतो." त्या थांबल्या. "हे बहुतेक आईवडिलांकडून येतं. तुमच्या घरात असं कुणी चालतं का? गुडघा उंच उचलून, पंजा आपटत?"

"वडील," धनेश पटकन म्हणाला.

"त्यांचं वेगळं आहे," अनिता म्हणाली. "ते लहानपणी झाडावरून पडलेत."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "त्यांना एकदा घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि मुलगी आहे ना तुम्हाला?"

त्या संध्याकाळी लेक मैत्री क्लासवरून आली, हातपाय धुऊन ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेली आणि डब्यातला लाडू घेऊन बाहेर पळाली. अनिता फरशीकडे बघत बसली. ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. पुढे बोटं, मागे टाच, आणि मध्ये कोरडी फरशी. तिने स्वतःचा पाय ओला करून शेजारी ठेवला. तोही ठसा तसाच उमटला, मध्ये कोरडा. मग फडकं घेऊन सगळं पुसून काढलं.

भामा नदीच्या काठी अनिताचं माहेर. शेताच्या बांधावरून आता कंपनीची भिंत गेली होती, पण घर जुन्याच जागी होतं. वडील बाळाजी, म्हणजे अण्णा, आई सारजाबाई आणि थोरले चुलते सोपानराव, तिचे तात्या. तात्यांचं लग्न झालं नव्हतं. म्हणजे त्यांनी केलं नव्हतं. आधी बाळूचं जमू द्या, अधू माणसाला पोरगी मिळायला वेळ लागतो, मग माझं बघू, असं म्हणत ते थांबले, आणि बाळूला बायको मिळेपर्यंत त्यांचं वय उलटून गेलं होतं. दोघांच्या वाटणीचं औत त्यांनी एकट्याने हाकलं. अनिताला शाळेत सायकलवर त्यांनी सोडलं, आणि तिच्या लग्नात मांडवातली धावपळ केली तीही त्यांनीच.

ते असं का करतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नसे. लहानपणी जांभळीवर दोघं भाऊ भांडले होते, आणि सोपानने बाळूला ढकललं होतं. बाळूचा पाय मोडला. वैदूने कामट्या बांधून बसवला. हाड जुळलं, पण पुढे वर्षभरात पोटऱ्या वाळत गेल्या आणि चाल बिघडली ती कायमची.

"मला कशाला न्हेतीस?" अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्याला करंट देऊन काय मिळायचं तुला?"

"माझ्यासाठी चला अण्णा. माझं नेमकं काय हाय ते कळंल."

"पोरगी एवढं म्हणतीय तर जाऊ की," तात्या कोपऱ्यातून म्हणाले. "म्याबी येतो. बसची पायरी उंच आसती, ह्याला चढायचं न्हाई."

अनिताला तात्यांना सांगायचं होतं, की तुम्ही येऊ नका. कशासाठी, हे तिला धड सांगता आलं नसतं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी तिघं चिंचवडला गेली. तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि भावाची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली होती. तपासणीच्या खोलीत श्रद्धा म्हणाली, एकालाच थांबता येईल. अनिता पुढे झाली, तर तात्यांनी तिला हाताने मागे सारलं आणि भावाच्या उशाशी जाऊन उभे राहिले. दार अर्धवट लोटलेलं होतं. बाहेरून अनिताला झटक्याआधी श्रद्धाचा आवाज ऐकू यायचा, आणि झटक्यानंतर अण्णांचं हसणं. "गुदगुल्या करतीय का काय ही!" तात्या मात्र प्रत्येक वेळी "आई गं" म्हणत होते.

मॅडमनी अण्णांना टेबलावर बसवलं, पावलांची कमान बघितली, वाकडी झालेली बोटं सरळ करून पाहिली, गुडघ्यावर छोट्या हातोडीने ठोकलं. पाय जागचा हलला नाही. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक अनिताचा, एक बाळाजींचा.

"दोन्ही सारखेच आहेत," त्या म्हणाल्या. "काका, तुमच्या लेकीला हे तुमच्याकडून आलंय. रक्ताची एक तपासणी करून नक्की करू, पण मला शंका नाही."

अण्णांना नीट उमगलं नाही. "माज्याकडनं? मी तर पडलो हुतो."

"पायाच्याच नाही, तुमच्या हाताच्या नसासुद्धा तेवढ्याच हळू आहेत काका."

अण्णा आपल्या तळव्यांकडे बघायला लागले. बोलले ते तात्या. आतापर्यंत ते दाराशी पिशवी धरून उभे होते.

"हाताच्या बी?"

"हो."

"पण हातावर तर त्यो पडला न्हवता."

"पडण्याचा याच्याशी संबंधच नाही. पडले नसते तरी हे झालंच असतं. जन्मतःच आहे. लहानपणी त्यांना पळता येत होतं का? इतर मुलांसारखं?"

अण्णा हळूच म्हणाले, "न्हाई. मी कायम मागंच राहायचो. दादा मला पाठुंगळी घ्यायचा."

"बघा. पाय आधीपासूनच कमजोर होते. त्यामुळेच कदाचित तोल गेला असेल झाडावर."

"त्याचा तोल न्हाई गेला," तात्या म्हणाले. "म्या ढकलला."

ते वाक्य त्या घरात कुणी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. आणि आता तात्यांनी ते एका परक्या बाईसमोर बोलून टाकलं होतं.

"दादा, जाऊ दे की," अण्णा म्हणाले.

विजयश्री मॅडम उठल्या आणि तात्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "ढकललं असेल काका. हाड मोडलं, ते जुळलं. पण ढकलल्याने नसा अशा होत नाहीत. आणि अनिताला कुणी ढकललं होतं?"

तात्यांनी अनिताकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं. मग पिशवी खुर्चीवर ठेवून ते दार उघडून बाहेर गेले.

ते तिला पार्किंगच्या पलीकडे, भिंतीला टेकून उकिडवे बसलेले सापडले. शेजारी स्कूटरची रांग होती. ते रडत असतील असं तिला वाटलं होतं, पण डोळे कोरडे होते. सगळं सामान काढून नेलेल्या खोलीत माणूस उभा असावा, तसं ते इकडेतिकडे बघत होते.

"तात्या, पाणी घ्या."

त्यांनी बाटली घेतली, पण उघडली नाही.

"अने, डाक्तरीण खोटं तर बोलत नसंल? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून?"

"न्हाई तात्या. माझा कागद आधीच आला होता. तवा तिला तुमचं कायबी ठाव नव्हतं."

"हां." मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग आता मी काय करू?"

अनिताला आनंदाची बातमी आहे, असं म्हणावंसं वाटलं, पण त्या चेहऱ्याकडे बघून तिला ते शब्द उच्चारता आले नाहीत. या एका गोष्टीवर या माणसाने सगळा जन्म उभा केला होता, आणि आत्ता कुणीतरी त्याला सांगितलं होतं की खाली काहीच नव्हतं.

मागून पंजे आपटल्याचा आवाज आला. चट, चट. अण्णा आधाराशिवाय, एकटेच पार्किंगमधून येत होते. स्कूटरला धरत, एक एक गुडघा उचलत. अनिता उठायला लागली, तर त्यांनी हाताने तिला थांबवलं. भावाजवळ येऊन ते भिंतीला धरून मोठ्या कष्टाने खाली बसले.

"काय रं दादा."

"काय न्हाई."

"लई दिवसांपासनं तुला सांगायचं हुतं. पडायच्या आधीपासनंच माजं पाय वळायचं. मला ठाव हुतं. पण पडल्यापास्नं समदी म्हणायला लागली, पडला म्हणून असं झालं. मला वाटलं, आसंल. मी काय डाक्तर हाय? आन खरं सांगू का, तू मला पाठीवर घिऊन जत्रंला न्यायचास, ते मला बरं वाटायचं."

तात्या बाटलीचं झाकण चाचपत राहिले.

"तू लगीन केलं न्हाईस," अण्णांचा आवाज फाटला. "ते मी कुठनं भरून देऊ तुला?"

"येडा का रं तू!" तात्या एकदम खेकसले. "कुणी मागितलंय? हां? आन ही अनी कोण हाय? माजी न्हाई व्हय?" त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि ती भावापुढे धरली. "पी आधी. कवाधरनं घसा कोरडा पडलाय तुजा."

अण्णा पाणी प्यायले. मग तात्या प्यायले. अनिता दोघांसमोर उभी होती, आणि येणारे-जाणारे त्या दोन म्हाताऱ्यांना वळसा घालून आपापल्या गाड्या काढत होते.

"मैत्रीला कधी आणायची हिथं?" अण्णांनी विचारलं.

"आणते पुढच्या गुरुवारी. मला भ्या वाटतंय अण्णा."

"भिऊ नगं. असलं तर असू दे. पण पोरीला आत्ताच समदं सांग. कुणामुळं झालं, काय झालं, ह्ये ती मनानं हुडकत बसली की..." त्यांनी भावाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

परत जाताना मोशी आली तरी अनिता उतरली नाही. यांना घरी सोडूनच येईन, असं तिने धनेशला फोन करून सांगितलं. त्याला कागदाविषयी सांगितलं, रोहिदासला काय सांगायचं तेही दोघांनी ठरवलं: पट्टा बसवून मी गेटवरच उभी राहीन, नाही जमलं तर मी स्वतः टेबल मागेन. हे बोलताना तिचा आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

राजगुरुनगरच्या बसमध्ये दोघा भावांना शेजारी शेजारी जागा मिळाली होती. खिडकीकडे अण्णा, कडेला तात्या. अनिता मागच्या सीटवर. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कंटेनरची रांग लागली होती, आणि बस जागची हलत नव्हती. जागा न मिळालेली माणसं दारात लोंबकळत होती, कंडक्टर ओरडत होता. त्या सगळ्या गोंधळात तात्यांची मान हळूहळू कलली आणि भावाच्या खांद्यावर टेकली. तोंड किंचित उघडं राहिलं. ते गाढ झोपले होते. तात्यांना असं दिवसाढवळ्या झोपलेलं अनिताने आजवर कधी पाहिलं नव्हतं. प्रवासात तर नाहीच. तेव्हा त्यांचा एक हात सतत अण्णांच्या दंडाला असायचा.

चौक सुटला. बस भरधाव निघाली. डोकं घसरू नये म्हणून अण्णांनी खांदा थोडा वर उचलून धरला होता, आणि दुसऱ्या हाताने समोरची दांडी पकडली होती.

गावाचा फाटा दिसायला लागला तशी अनिता पुढे वाकली. "अण्णा, तात्यांना उठवा. आलं आपलं."

अण्णांनी मान न हलवता ओठांवर बोट ठेवलं.

"फाटा चाललाय अण्णा."

"जाऊ दे," ते कुजबुजले. "पुढच्या फाट्यावर उतरू. चालत येऊ माघारी."